एक पाटी, तीन कार्यालये

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

शहरातील व्यापारी संकुलांमधील दुकानांच्या नामफलकांवर सध्या सुरू असलेल्या कारवाईच्या बातम्या आपल्या पत्रात येत आहेत. दुकानदारांना मराठी पाटी लावायची नाही आणि म्हणून ते नियमांच्या आड लपत आहेत, असा त्या बातम्यांचा एकंदर सूर आहे. उपनगरातील एका जुन्या व्यापारी संकुलाच्या दुकानदार संघटनेचे काम मी पाहतो. आमच्या गाळेधारकांना आलेल्या नोटिसा माझ्याच टेबलावर जमा होतात, आणि त्या एकत्र ठेवून वाचल्या तर वेगळेच चित्र दिसते. एकाच पाटीवर तीन कार्यालये तीन नियमांनी हक्क सांगतात, आणि एका कार्यालयाने दुकानदाराला काय लिहून दिले आहे याचा पत्ता दुसऱ्याला नसतो. निदान तसे नोटिसांवरून तरी दिसते.

मराठी पाटीच्या नियमाबद्दल आमच्या संघटनेत दुमत नाही. हा नियम नवा नाही, १९४८ च्या जुन्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या नियमांतही तो होता. २०१७ मध्ये नवा कायदा आला तेव्हा त्याच्या बहुतेक तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या राहिल्या, आणि गल्लीबोळातली बहुसंख्य दुकाने पाटीच्या सक्तीतून सुटली. ही फट बुजवण्यासाठी मार्च २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून कलम ‘३६ क’ घालण्यात आले. त्यानुसार कामगार कितीही असोत, नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असलाच पाहिजे. इतर भाषा वापरण्यास मुभा आहे, मात्र मराठी मजकूर आरंभी असावा आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत. मद्य पुरवणाऱ्या आस्थापनांनी महनीय व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे लावू नयेत, हीसुद्धा त्याच दुरुस्तीतली तरतूद आहे, आणि तिच्याबद्दल कुणी कधी तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या दुरुस्तीआधीच मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या एका महासंघाने मराठी पाटीच्या सक्तीला आव्हान दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती याचिका फेटाळली आणि वर पंचवीस हजार रुपयांचा खर्चही बसवला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी, दसरा-दिवाळी तोंडावर असताना, पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. कोर्टकचेऱ्यांवर पैसे घालवण्यापेक्षा ते पाटीवर खर्च करा, अशा आशयाचा सल्लाही व्यापाऱ्यांना मिळाला. तो योग्यच होता, आणि आमच्या संकुलातील जवळजवळ सर्वांनी तो मानला. प्रश्न उभा राहिला तो पाट्या बदलल्यानंतर.

आमचे संकुल ज्या काळात बांधले गेले त्या काळच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक गाळ्याच्या शटरवर तुळईची एक पट्टी सोडलेली आहे, आणि फलक त्या पट्टीतच बसवायचा असा मूळ संकेत आहे. पट्टीची उंची जेमतेम तीन फूट. तिच्यात पूर्वी एका ओळीत नाव मावत असे. आता मराठी आणि इंग्रजी अशा दोन ओळी, खाली धंद्याचे स्वरूप आणि कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह एवढे सगळे बसवायचे म्हटल्यावर बऱ्याच दुकानदारांनी फलकाची उंची वर सरकवली आणि तो पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यापर्यंत नेला. फॅब्रिकेटरने लोखंडी अँगलची चौकट केली, तिच्यावर एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असलेली) शीट मारली, अ‍ॅक्रिलिकची अक्षरे चिकटवून मागे एलईडी सोडले. पाटी झोकदार झाली, मराठी ठसठशीत दिसू लागले आणि कामगार विभागाचे निरीक्षक समाधानाने शेरा देऊन गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच महापालिकेच्या आकाशचिन्ह (म्हणजे इमारतीच्या वर आकाशात दिसेल असा उभारलेला फलक) व परवाना विभागाची नोटीस आली की, फलकाचे क्षेत्रफळ परवान्यात नमूद केलेल्यापेक्षा जास्त असून तो प्रकाशित आहे, तरी फरकाचे शुल्क दंडासह भरावे. तिच्या पाठोपाठ बांधकाम विभागाचे पत्र आले की, इमारतीच्या दर्शनी भागात विनापरवाना लोखंडी सांगाडा उभारला आहे, तो तात्काळ काढावा. म्हणजे एका कार्यालयाचा नियम पाळण्यासाठी केलेली गोष्ट दुसऱ्याच्या दफ्तरी गुन्हा ठरली, आणि तिसरे ती पाडायला निघाले.

आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल की, मुंबईत दुकाने व आस्थापना कायद्याची अंमलबजावणी महापालिकेचेच खाते करते, तर राज्यातील इतर बहुतेक शहरांत हे काम राज्य सरकारच्या कामगार विभागाकडे आहे. त्यामुळे मुंबईत हे भांडण निदान एका छपराखाली मिटू शकते. आमच्यासारख्या शहरात ‘गुमास्ता’चे, म्हणजे दुकान नोंदणीचे, कार्यालय एका टोकाला, महापालिका दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या फेऱ्या दुकानदाराच्या वाट्याला. कामगार विभागाचा शेरा दाखवला की महापालिकेतले उत्तर ठरलेले असते: ‘तो त्यांचा विषय आहे.’ हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेलही, पण ज्याच्या दारावर एकच पाटी आहे त्याने त्याचे करायचे काय?

अक्षरांच्या आकाराबाबत तर याहून गंमत आहे, आणि ती पेंटर किंवा अक्षरे कापणारा कारागीर सोडून फारशी कुणाच्या लक्षात आलेली नाही. इंग्रजीतील मोठी अक्षरे सरळ एका उंचीत बसतात. त्यांच्या वर काही जात नाही आणि खाली काही लोंबत नाही. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि पायाखाली उकार, ऋकार. ‘कीर्ती ज्वेलर्स’ लिहायचे तर शिरोरेखेच्या वर चांगली तीन-चार इंच जागा सोडावी लागते. ‘सुपुत्र ट्रेडर्स’ लिहायचे तर तेवढीच खाली. आता दोन्ही ओळींना समान उंचीची पट्टी दिली, तर शिरोरेखेपासून पायापर्यंतचे मराठी अक्षर शेजारच्या इंग्रजी अक्षरापेक्षा लहानच दिसणार. एका तपासणीत निरीक्षकांनी मात्रेच्या टोकापासून उकाराच्या टोकापर्यंत टेप लावून फलक पास केला, आणि पुढच्या तपासणीत दुसऱ्या निरीक्षकांनी फक्त अक्षराचे अंग मोजून तोच फलक नापास केला. दोघांचेही मोजमाप आपापल्या परीने प्रामाणिक होते. कलमात आकार लहान नसावा एवढेच म्हटले आहे. आकार कोठून कोठपर्यंत मोजायचा हे एका ओळीच्या परिपत्रकाने सांगता येईल. दुकानदाराची मागणी यापेक्षा मोठी नाही, कारण अक्षरे पुन्हा कापून घेण्याचा खर्च फ्लेक्स बदलण्यासारखा किरकोळ नसतो.

आता शुल्काकडे वळतो, कारण खरी ओढाताण तेथे आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातील कलम ‘३२८ अ’ आणि इतर महापालिकांच्या १९४९ च्या अधिनियमातील कलम २४५ यांची रचना जवळपास सारखी आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावू नये, हा मूळ नियम. पण त्याला एक परंतुक, म्हणजे कलमातच दिलेला अपवाद, आहे. जी जाहिरात प्रकाशित नाही आणि आकाशचिन्ह नाही, आणि जी त्याच इमारतीत चालणाऱ्या धंद्याविषयी आहे, तिला परवानगीची गरज नाही. त्या जुन्या काळच्या मसुदाकाराला हे कळत होते की, वाण्याने आपल्या दुकानावर आपले नाव लिहिणे आणि एखाद्या कंपनीने चौकात साबणाचा फलक लावणे या एक गोष्टी नव्हेत. अडचण ‘प्रकाशित’ या अटीची आहे. त्या काळी दिव्यांचा फलक ही चैन होती. आज संध्याकाळी सातनंतर दिवा नसलेली पाटी म्हणजे बंद दुकान. परंतुकाचा लाभ त्यामुळे व्यवहारात कुणालाच मिळत नाही, आणि स्वतःच्या नावासाठी स्वतःच्या दारावर लावलेल्या दिव्यांचे शुल्क चौरस फुटाच्या हिशेबाने भरावे लागते.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध बृहन्मुंबई महापालिका या प्रकरणात विचार केला होता. एटीएमच्या दारावर बँकेच्या नावाचा प्रकाशित फलक ही जाहिरात आहे का, असा तो वाद होता. एखादा मजकूर जाहिरात ठरण्यासाठी त्यामागे ग्राहक आकर्षित करून व्यापारी लाभ उठवण्याचा हेतू दिसला पाहिजे, केवळ सेवा कोठे आहे हे दाखवणाऱ्या फलकाला तेवढ्यावरून जाहिरात म्हणता येणार नाही, असा त्या निर्णयाचा रोख आहे. मी वकील नाही आणि आमच्या सगळ्याच पाट्या या कसोटीला उतरतील असा माझा दावाही नाही. औषधाच्या दुकानाच्या पाटीवर अर्ध्या जागेत शीतपेयाच्या कंपनीचे चित्र असेल आणि त्या मोबदल्यात पाटी फुकट मिळाली असेल, तर ती जाहिरात आहे, आणि तिचे शुल्क घेतलेच पाहिजे. पण फक्त नाव आणि धंदा लिहिलेल्या पाटीला आणि या फुकटच्या पाटीला नोटिशीत एकच दर लावलेला दिसतो, तेव्हा नोटीस काढणाऱ्याने पाटी वाचलेली नाही हे उघड होते.

शुल्काच्या या ओढीला कारण आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. जाहिरातींवरील कर हा पूर्वी राज्यसूचीतला विषय होता. १०१ व्या घटनादुरुस्तीने ती नोंद वगळली गेली आणि जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराची व्यवस्था आली. महापालिकांच्या हाती ‘कर’ उरला नाही, परवाना शुल्क उरले. जकात गेली, स्थानिक संस्था करही गेला, त्यात हेही गेले; मग परवाना विभागाला उत्पन्नाचे उद्दिष्ट दिले जाते आणि ते चौकातल्या मोठ्या होर्डिंगवाल्याकडून वसूल होण्यापेक्षा दुकानदाराकडून लवकर वसूल होते, कारण दुकानदाराला त्याच जागी रोज शटर उघडायचे असते.

होर्डिंगचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली. ती जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, त्यामुळे परवानगी कुणी द्यायची आणि पाडायचे कुणी, यावर महापालिका आणि रेल्वे पोलीस यांच्यात दुर्घटनेनंतर जी टोलवाटोलवी झाली ती सर्वांनी वाचली आहे. महापालिका चाळीस फूट बाय चाळीस फुटांपेक्षा मोठ्या होर्डिंगला परवानगी देत नाही, आणि ते होर्डिंग एकेका बाजूला त्याच्या तिप्पट होते. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यात जुना बाजार चौकात रेल्वेच्या जागेवरील होर्डिंग काढताना चार जण दगावले होते, आणि एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे पाच. प्रत्येक दुर्घटनेनंतर शहरोशहरी फलकांची तपासणी मोहीम निघते, आणि निघालीच पाहिजे. पण त्या मोहिमेचा पहिला आठवडा सरला की पथके होर्डिंगच्या खांबांकडून व्यापारी संकुलांच्या शटरांकडे वळतात, कारण तेथे शिडी लागत नाही. राजकीय वाढदिवसांच्या बेकायदा फ्लेक्सविरुद्ध उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये जनहित याचिकेवर सविस्तर आदेश दिलेले असूनही ते फ्लेक्स आमच्याच संकुलाच्या कोपऱ्यावरील विजेच्या खांबाला आजही लटकत आहेत. त्यांच्याखाली उभे राहून पथकाने आमच्या शिंप्याच्या पाटीची रुंदी मोजली, याची नोंद या पत्राच्या निमित्ताने व्हावी.

वरच्या मजल्यांचे दुखणे आणखी निराळे आहे. तळमजल्याच्या दुकानाला शटर आहे, दर्शनी भाग आहे. दुसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, शिकवणी वर्ग, झेरॉक्सवाला, पिको-फॉल करणाऱ्या बाई यांना रस्त्यावरून कुणी पाहू शकत नाही. त्यांच्यासाठी आम्ही जिन्याच्या तोंडाशी एक सामाईक नामावली फलक लावला, मजल्यानुसार नावे, सर्व मराठीत, दिवा नाही, कुणाचे बोधचिन्ह नाही. महापालिकेचे म्हणणे असे की, हा फलक ज्याच्या त्याच्या गाळ्यावर नसल्यामुळे त्याला ‘स्वतःच्या जागेवरील धंद्याचा फलक’ म्हणता येत नाही. म्हणून तो जाहिरात आहे आणि प्रत्येक नावासाठी स्वतंत्र परवाना घ्यावा. परंतुकात शब्द आहेत ते जागेविषयी किंवा इमारतीविषयी, गाळ्याविषयी नाहीत, आणि जिना ज्या इमारतीचा आहे त्याच इमारतीत हे सर्व धंदे चालतात, हे आम्ही लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही. दरम्यान फलक उतरवून पथकाने नेला, आणि पेशंट तळमजल्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात दातांचा डॉक्टर विचारतात.

दुकानदारांची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे, असे मी म्हणत नाही. आमच्याकडे जिन्याच्या खिडक्या फ्लेक्सने बुजवणारे आहेत, शेजाऱ्याची पाटी झाकेल अशी आडवी पेटी रस्त्यावर काढणारे आहेत, पदपथावर लोखंडी स्टँडी ठेवून अंधांच्या आणि म्हाताऱ्यांच्या पायात अडसर घालणारे आहेत. आग लागली तर धूर बाहेर जायला वाट नाही, हे अग्निशमन दलाने सांगूनही काहींनी फलक काढलेले नाहीत. त्यांच्यावर आजच कारवाई व्हावी, त्यासाठी संघटना पंच म्हणून सही करायला तयार आहे. मराठीच्या बाबतीतही काहींनी चलाखी केली आहे: इंग्रजी अक्षरांमागे दिवे आणि मराठी अक्षरे बिनदिव्याची, म्हणजे दिवसा कायदा पाळला आणि रात्री गुंडाळून ठेवला. कलमाच्या शब्दांत हे बसत असेल, पण हेतूत बसत नाही.

दंडाच्या पद्धतीबद्दल मात्र बोलले पाहिजे. मुंबईत नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस कारवाई सुरू झाली तेव्हा प्रति कामगार दोन हजार रुपये दंडाचा हिशेब होता, तो समजण्यासारखा आहे. पुढे मे २०२४ पासून मराठी पाटी नसलेल्या दुकानांना दुप्पट मालमत्ता कर आकारण्याची घोषणा तेथे झाली, आणि तिचे अनुकरण करण्याची भाषा आता आमच्याकडेही ऐकू येते. संकुलांतील निम्म्याहून अधिक गाळे भाडेकराराने दिलेले असतात. पाटी लावतो भाडेकरू, मालमत्ता कर भरतो मालक, आणि मालक कित्येकदा दुसऱ्या गावी असतो. चुकणाऱ्याला सोडून तिसऱ्याच्या बिलात दंड चढवल्याने पाटी लवकर बदलते, असा अनुभव असल्यास तो प्रशासनाने मांडावा.

शेजारच्या कर्नाटकात डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुरूतील मॉल आणि दुकानांच्या इंग्रजी पाट्यांची मोडतोड झाली, आणि त्यानंतर तेथील सरकारने फलकाचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये आणि तो वरच्या अर्ध्या भागात असावा असा कायदा केला. मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही. आपल्याकडेही ‘खळ्ळ-खट्याक’चे दिवस व्यापाऱ्यांनी पाहिलेले आहेत. बेळगावच्या मराठी दुकानदाराला हाच साठ टक्क्यांचा नियम जाचतो, हेही मी विसरलेलो नाही. तरी त्या कायद्यात एक गोष्ट आहे जी आपल्या कलमात नाही: टेप घेऊन मोजता येईल असे माप. निरीक्षक बदलला म्हणून उत्तर बदलू नये, एवढ्यासाठी तरी आपल्या नियमांत तसे माप हवे.

आमच्या संघटनेने आयुक्तांकडे दिलेल्या निवेदनात जे मागितले आहे ते येथे मांडतो. व्यापारी संकुलाला एक घटक मानून त्याच्या दर्शनी भागाचा एकच फलक-आराखडा मंजूर करावा: कोणत्या मजल्यावर पट्टी किती उंच, सांगाडा भिंतीपासून किती पुढे, नामावली फलक कोठे, दिवे कसे. आराखड्यावर परवाना विभाग, बांधकाम विभाग आणि अग्निशमन दल यांच्या सह्या एकदाच व्हाव्यात, आणि कामगार विभागाच्या प्रतिनिधीने अक्षरांच्या मापाबद्दलचे आपले म्हणणे त्याच कागदावर लिहावे. आराखड्यात बसणाऱ्या, केवळ नाव आणि धंदा लिहिलेल्या पाटीला दिवा असला तरी जाहिरात शुल्क नसावे किंवा नाममात्र असावे. दुसऱ्या कंपनीचे चित्र असलेल्या पाटीला ते पूर्ण असावे. आराखड्याबाहेर जाणाऱ्याची पाटी नोटीस देऊन उतरवावी, त्याला आमचा विरोध राहणार नाही. राज्याच्या २०२२ च्या आकाशचिन्ह व जाहिरात नियमांच्या चौकटीत आयुक्त हे करू शकतात, असे आमच्या सल्लागारांचे मत आहे. तसे नसेल तर कोणता नियम आडवा येतो ते आम्हाला लेखी कळावे.

परवान्यांचे नूतनीकरण एप्रिलपासून सुरू होते. ज्यांच्या पाट्या उतरवल्या गेल्या आहेत ते फॅब्रिकेटरकडे आगाऊ रक्कम देऊन थांबले आहेत, आणि किती उंचीची चौकट करायची हे त्याला सांगता येत नाही म्हणून काम अडले आहे. आराखड्याचा निर्णय मार्चअखेर झाला, तर त्यांना हा खर्च दुसऱ्यांदा करावा लागणार नाही.

आपला विश्वासू,
एका व्यापारी संकुलाच्या दुकानदार संघटनेचा सचिव